पेठेचा संघ बुडत नाही

भारताचा फुटबॉल संघ हरला की मोबाईलवर एक वाक्य हमखास येतं: ‘एकशे चाळीस कोटींच्या देशात अकरा जण सापडत नाहीत?’ १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात आपण बांगलादेशकडून ०-१ असे हरलो, त्या रात्रीही ते आलं. शाळेच्या ग्रुपवर आलं, ऑफिसच्या ग्रुपवर आलं, घरच्या ग्रुपवर मामांनी टाकलं. बांगलादेशनं आपल्याला २२ वर्षांनी हरवलं होतं. त्याच्या महिनाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मडगावात सिंगापूरकडून आपण १-२ असे हरलो आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट तिथंच संपली. खरं नुकसान त्या दिवशी झालं होतं. पण तेव्हा सगळे ग्रुप गप्प होते. सिंगापूरकडून हरल्यानं कुणाचं नाक कापलं जात नाही, बांगलादेशकडून हरल्यानं जातं. आपल्याकडं फुटबॉलची बातमी होते ती बहुतेक वेळा अशीच, दुसऱ्या कुठल्यातरी रागाचा हात धरून.

त्या वाक्यातलं गणित मुळातच लंगडं आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतला २०२६ चा वर्ल्ड कप ४८ संघांचा. त्यात केप व्हर्दे आहे. त्या देशाची लोकसंख्या पाच लाखांच्या जरा पुढं, म्हणजे साधारण आमच्या कोल्हापूर शहराएवढी. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांच्या घरात होतं. त्यात क्युरासाओ आहे, दीड लाख वस्तीचं बेट. इतका छोटा देश आजवर वर्ल्ड कपला गेलेला नाही. ही नावं कळली की तेच वाक्य आणखी जोरात फेकलं जातं. पण जरा खोलात गेलं तर दिसतं, की क्युरासाओच्या संघातले बहुतेक जण नेदरलँड्समध्ये जन्मले, तिथल्याच क्लबांत वाढले. केप व्हर्देकडून खेळणारे कितीतरी जण पोर्तुगाल, नेदरलँड्स, फ्रान्समध्ये पोटापाण्यासाठी गेलेल्यांची पोरं आहेत. त्यांना घडवलं ते गल्लीच्या टोकाला असलेल्या क्लबानं, वयोगटाच्या लीगनं, दर शनिवारी-रविवारी न चुकता होणाऱ्या मॅचनं.

डोकी मोजून खेळाडू निघत नाहीत. मोजायचंच असेल तर दर आठवड्याला, ठरलेल्या तारखेला, रेफ्री असलेली मॅच किती पोरं खेळतात ते मोजावं. आणि मालकाचं मन उडालं तरी उभे राहतील असे संघ आपल्याकडं किती आहेत, ते मोजावं. हा दुसरा आकडा कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात तर विचारायलाच हवा, कारण गेल्या पंधरा वर्षांत आपण एवढे क्लब पुरलेत की त्यांचं वेगळं स्मशान बांधावं लागेल.

यादी आठवून बघा. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेला मुंबईचा संघ. २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २००७ मध्ये निघाला, कूपरेजवर खेळला, २०१७ मध्ये संपला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, दुसरा आला होता, आणि दोन-तीन वर्षांत त्याचा गाशा गुंडाळला गेला. भारत एफसी पुण्यात आला, एक हंगाम खेळला, गेला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम आय-लीग खेळला. एफसी पुणे सिटी २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, होता. २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादनं २०२१-२२ ची आयएसएल जिंकली आणि २०२५ मध्ये तो संघही तिथून उचलून दिल्लीला नेला. बदली झालेल्या सरकारी नोकरासारखा संघ ट्रंक घेऊन फिरतो आहे, आणि आपण विचारतोय की लोक संघावर जीव का लावत नाहीत.

मी पुण्यात नोकरी करतो. आमच्या खोलीवर चौघं राहतो. एक मँचेस्टर सिटीवाला, दोन रिअल माद्रिदवाले. रात्री दीड वाजता मॅच बघतात, सकाळी डोळे चोळत बस पकडतात. त्यातला एक जण बालेवाडीजवळच, पुणे सिटीच्या मैदानाशेजारी, लहानाचा मोठा झालाय. पुणे सिटीचे सामने त्यानं शाळेत असताना बघितलेत. ‘मग क्लब गेला तेव्हा काय केलंस?’ असं एकदा विचारलं. त्यानं खांदे उडवले. वाईट वाटलं म्हणाला, पण क्लब त्याचा नव्हताच. तिकीट काढून बघायची वस्तू होती, दुकान बंद झालं.

इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब २००३ मध्ये नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला नेला. परवानगी मिळाली तेव्हाच, २००२ च्या उन्हाळ्यात, तिथल्या चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. एका सार्वजनिक माळावर निवड चाचणी घेतली आणि नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात केली. नऊ वर्षांत ते व्यावसायिक लीगमध्ये परत आले आणि २०२० मध्ये जुन्या गल्लीत, प्लाऊ लेनवर, नवं मैदान बांधून घरी आले. पुण्यात असं काही झालं नाही ते तिथल्या लोकांना फुटबॉल कमी आवडतो म्हणून, हे मला पटत नाही. पुण्याच्या संघाला पेठ नव्हती. कसबा, नाना, कँप, पिंपरी, कुणीच त्याला आपला म्हणत नव्हतं. एका कंपनीनं एका शहराचं नाव घेतलं होतं, एवढंच.

आता वरच्या मजल्याकडं बघू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० मध्ये आपले सगळे व्यावसायिक हक्क एका खाजगी कंपनीला १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले होते. तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपायचा होता. तो पुढं चालू ठेवायचा की नाही हे वेळेत ठरलं नाही, म्हणून जुलैमध्येच आयएसएल लांबणीवर पडली. काही क्लबांनी पगार थांबवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. नवी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. एकही नाही! जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन या भारताच्या नावाजलेल्या खेळाडूंनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून फिफाला हात जोडले की काहीतरी करा. मग केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून आखूड हंगाम जाहीर केला, १४ संघ आणि ९१ सामने. दरम्यान आयएसएलमधल्या मुंबई सिटीमधून सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीचे मालक, बाहेर पडला. २०२४-२५ ची आय-लीग कोणी जिंकली हे तर स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादानं ठरवलं. चर्चिल ब्रदर्सला दिलेलं विजेतेपद इंटर काशीकडं गेलं. फुटबॉलची बातमी म्हणून मी हे सगळं वाचत होतो आणि अर्धा वेळ वाटत होतं की आपण जमिनीच्या वादाची कागदपत्रं वाचतोय.

एका देशाची सर्वोच्च लीग एका कराराच्या खुंटीला टांगलेली असावी, हे कुणाला विचित्र वाटलं नाही. आयएसएलनं काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगली हिरवळ दिली, टीव्हीवर भारतीय पोरं दिसू लागली, फुटबॉल खेळून घर चालवता येतं हे काहींच्या घरच्यांना पटलं. आमच्या पिढीला हे लहान वाटत नाही. पण ती इमारत दुसऱ्या मजल्यापासून बांधली. खालच्या मजल्याची जागा भाड्यानं घेतली आणि भाडेकरार संपला.

आणि खालचा मजला कुठंतरी आधीपासून होता. कोल्हापुरात होता.

मी कोल्हापूरचा. कोणत्या तालमीचा ते सांगत नाही, नाहीतर निम्मे कोल्हापूरकर वाचणं इथंच सोडतील. आमच्याकडं तालमी मुळात कुस्तीच्या. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांत पोरं लाल मातीत घुमायची. पुढं त्याच तालमींच्या आणि मंडळांच्या नावानं फुटबॉलचे संघ उतरले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमच्या तोंडचं केएसए, शाहू स्टेडियमवर लीग घेते. वरच्या गटात सोळा संघ. लीग संपली की वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा, त्या उन्हाळा संपेपर्यंत चालतात.

बाहेरच्यांना कोल्हापूरचा फुटबॉल माहीत असतो तो वर्ल्ड कपच्या काळातल्या फोटोंमुळं: गल्लीवर टांगलेले ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे, नेमारचे आणि मेस्सीचे कटआऊट. टीव्हीवाल्यांना तेच आवडतं. खरा फुटबॉल डिसेंबर-जानेवारीतल्या दुपारी असतो. दोन पेठांची मॅच असली की गाड्या लावायला जागा नसते. ऑफिसला आजारपणाची रजा टाकलेली माणसं एकमेकांना गॅलरीत भेटतात. ज्यांचे गुडघे गेलेत असे जुने खेळाडू पायऱ्यांवर ठरलेल्या जागी बसून आपल्याच फॉरवर्डला शिव्या घालतात. हलगी वाजते. टायब्रेकरला गेली तर अर्धं स्टेडियम पाठ फिरवून उभं राहतं, बघवत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रांत त्या मॅचचं सविस्तर वर्णन असतं: कोणी कोणाला पास दिला, पूर्वार्धात कोणाची संधी वाया गेली, गोलरक्षकानं काय अडवलं. त्याच पेपरात भारताच्या सामन्याला मात्र एका कोपऱ्यात चार ओळी. मला याची लाज वाटत नाही. बातमी तिथंच मोठी असते जिथं वाचणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

हे संघ बंद का पडत नाहीत? तालमीचा फुटबॉल संघ ही तालमीची एक बाजू आहे. तीच तालीम गणपती बसवते, शिवजयंती करते, महापुरात घरं पाण्यात गेली तेव्हा त्याच पोरांनी म्हाताऱ्यांना उचलून बाहेर काढलं आणि भाकऱ्या वाटल्या. संघ हरला, खालच्या गटात गेला, एखाद्या वर्षी पैसेच जमले नाहीत, तरी तालमीची इमारत, तिच्या कट्ट्यावर बसणारी माणसं आणि शेजारच्या पेठेशी असलेली खुन्नस जागेवर राहते. पुढच्या वर्षी पुन्हा अकरा जण उभे राहतात. हा संघ विकत घ्यायचा कुणाला म्हटलं तर विकणार कोण? त्याचा मालक सापडत नाही. पुण्या-मुंबईतले जे क्लब मेले ते सापडणाऱ्या मालकांमुळं मेले.

गोव्यातही थोडं हेच दिसलं. राष्ट्रीय लीगची नवी रचना पटली नाही म्हणून धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. हे काही पेठेचे क्लब नव्हेत, त्यांच्यामागं उद्योगपतींची घराणी आहेत. पण गोव्यात गावोगाव फुटबॉल आहे, राज्याची स्वतःची लीग आहे, म्हणून वरून उतरल्यावर उभं राहायला पायाखाली जमीन होती. धेंपो काही वर्षांनी पुन्हा आय-लीगला परतलासुद्धा.

इथं माझे मित्र मला अडवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ते विचारतात, एवढी वर्षं तुमच्या पेठा फुटबॉल खेळतायत, त्यातून भारताला खेळाडू किती मिळाले? २०१७ मध्ये भारतातच झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. नंतर तो आयएसएलमध्येही खेळला. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण तो घडला कसा? लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून. तालमीच्या संघातून सरळ वर जाणारी वाट त्याच्यासमोर नव्हती, आजही कुणासमोर ती ठळक नाही. आमच्याकडचा चांगला पोरगा अठराव्या वर्षी पेठेचा हिरो होतो, हंगामाचं मानधन ठरतं, पुढच्या वर्षी दुसरी तालीम जास्त देते म्हणून तिकडं जातो, तिशीत गुडघा जातो आणि मग ओळखीनं कुठंतरी नोकरी बघतो. पेठेच्या बाहेर त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

आणखीही आहे. मोठ्या संघांना आता हंगामापुरते बाहेरचे, परदेशी खेळाडू लागतात. ते गोल करतात आणि पेठेतला पोरगा बाकावर बसतो. चषकांना नावं नेत्यांची, बक्षिसं मोठमोठी, आणि निवडणूक जवळ आली की त्यांची संख्या का वाढते हे शाळकरी पोरालाही कळतं. मैदान एकच, त्याच्यावर एवढे सामने होतात की हंगामाच्या शेवटी गवत शोधावं लागतं. आणि हुल्लडबाजी. दगड, बाटल्या, मैदानात घुसणं, मॅच संपल्यावर रस्त्यावर हाणामारी. यापायी स्पर्धा थांबवाव्या लागल्यात, प्रेक्षकांना बंदी घालावी लागलीय. आमच्यातले काही जण याला ‘ईर्ष्या’ म्हणून मिरवतात. बापाच्या खांद्यावर बसून मॅच बघायला आलेलं पोरगं दगड बघून रडत घरी जातं, त्यात कसली आलीय ईर्ष्या.

मी पेठेची बाजू घेतो ती पेठ निर्मळ आहे म्हणून नव्हे. जे इतरत्र कोटी रुपये ओतून तयार झालं नाही, ते इथं फुकट तयार आहे: रविवारी मॅच आहे हे माहीत असलेली, हरल्यावर जेवण न जाणारी माणसं. त्याच्या वर शिडी लावणं सोपं आहे. उलटं करून दाखवा, शिडी आधी आणि माणसं नंतर, ते जमत नाही हे पुण्यानं अनेकदा सिद्ध केलंय.

मिझोरमनं हे करून दाखवलं. सगळ्या राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आत. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली, आणि पैसा दिला तो झोनेट नावाच्या स्थानिक केबल वाहिनीनं. गावातलेच संघ, गावातलीच वाहिनी, बघणारेही गावातलेच. दोन वर्षांत, २०१४ मध्ये, मिझोरमनं संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली. २०१६-१७ मध्ये ऐझॉल एफसीनं मोहन बागान, ईस्ट बंगालला मागं टाकून आय-लीग जिंकली. त्या संघाचे कोच होते खालिद जमील, जे त्याआधी अनेक वर्षं मुंबई एफसी सांभाळत होते. ज्या हंगामात ते ऐझॉलला चॅम्पियन करत होते, त्याच हंगामात मुंबई एफसी खाली घसरत होता आणि त्यानंतर तो राहिलाच नाही. पुढं, २०२५ मध्ये, जमील भारताचे कोच झाले. कोच तोच होता, पण मुंबईच्या संघाखाली माती नव्हती.

आता आपल्या सरकारकडं बघू. २०१७ च्या त्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या आधी, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्रात ‘मिशन वन मिलियन’ झालं. एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. मी तेव्हा शाळेत होतो. आम्हाला मैदानात रांगेत उभं केलं, पाहुणे आले, भाषण झालं, बॉलला किक मारताना पाहुण्यांचा फोटो काढला. मग आम्ही थोडा वेळ धावलो. नंतर तो बॉल पी.टी.च्या सरांच्या कपाटात गेला. वर्ल्ड कप चांगलाच झाला, तेरा लाखांहून जास्त प्रेक्षक, त्या वयोगटातला विक्रम. भारत तिन्ही सामने हरला, पण जिक्सन सिंगनं कोलंबियाला गोल मारला तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. त्यानंतर आमच्या तालुक्यात वयोगटाची एकही नवी लीग सुरू झालेली माझ्या पाहण्यात नाही.

आठ वर्षांनी मेस्सी आला. १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. हजारो रुपये मोजून आलेल्या लोकांना मेस्सी दिसलाच नाही, त्याच्याभोवती नेते आणि त्यांचे नातेवाईक उभे होते. वीस-बावीस मिनिटांत तो गेला, लोकांनी खुर्च्या उखडल्या, आयोजकाला अटक झाली, बंगालच्या क्रीडामंत्र्यांना खातं सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर मात्र सगळं नीट पार पडलं. सचिननं त्याला दहा नंबरची जर्सी दिली, छेत्री होता, आणि राज्य सरकारनं ‘प्रोजेक्ट महादेवा’ मांडला: तेरा वर्षांखालची निवडक मुलं-मुली निवडून त्यांना शिष्यवृत्तीवर प्रशिक्षण द्यायचं. योजना वाईट नाही. त्या मुलांचं भलंच होईल. पण ती लीग नसलेल्या त्याच आठवड्यांत आली हे विसरू नये. ती मुलं अठराची होतील तेव्हा खेळणार कुठं, हा प्रश्न त्या व्यासपीठावर कुणी विचारला नाही. निवड करून प्रशिक्षण देणं म्हणजे पुन्हा दुसऱ्या मजल्यापासूनच बांधणं.

मेस्सी बघायला जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. परवडलं असतं तर मीही गेलो असतो. खटकतो तो आपला अंदाज, की मोठा माणूस येऊन गेला म्हणजे खेळ वाढतो. २०१८ मध्ये अंधेरीत भारत-चायनीज तैपेई सामन्याला जेमतेम अडीच हजार लोक होते. छेत्रीनं व्हिडिओ टाकून विनवलं, शिव्या द्या पण या, आणि केनियाच्या सामन्याला भर पावसात स्टेडियम गच्च भरलं. आम्ही सगळे भारावलो होतो. पण विनवण्या करून भरलेलं स्टेडियम दुसऱ्यांदा विनवल्याशिवाय भरत नाही. शाहू स्टेडियमवर या म्हणून कुणाला कधी व्हिडिओ टाकावा लागलेला नाही.

मग करायचं काय? कागदावर शिडी आहे. २०२४-२५ मध्ये तिच्या पायऱ्या अशा होत्या: राज्याची लीग, आय-लीग ३, आय-लीग २, आय-लीग, आयएसएल. पेठेच्या संघानं तिच्यावर पाय ठेवायचा तर नोंदणीची फी, प्रवासाचा खर्च, प्रशिक्षित कोच, निकषांत बसणारं मैदान, हे सगळं लागतं. इथं सरकारी पैसा कामाला येईल. कोल्हापुरातल्या, मुंबईतल्या, नागपुरातल्या जिल्हा लीगच्या विजेत्याला पहिल्या पायरीचा प्रवासखर्च राज्यानं द्यावा. एका मेस्सी-दौऱ्याच्या बंदोबस्ताच्या मानानं ती रक्कम काहीच नसेल. बदल्यात अट घालावी: तेरा आणि पंधरा वर्षांखालचा संघ नसेल तर वरिष्ठ संघाला लीगमध्ये प्रवेश नाही. आणि ज्यांच्या समर्थकांनी दगड मारला त्यांचे गुण कापायचे. दंड तालीम वर्गणीतून भरते, गुण कुणी वर्गणीतून आणू शकत नाही. दोन हंगाम हे केलं की पेठेतली म्हातारी माणसंच पोरांची मनगटं धरतील.

मुलींचं मी शेवटी लिहितोय हे त्या विषयाच्या आजवरच्या वाट्याला शोभणारंच आहे. २०२२ चा महिलांचा आशिया चषक महाराष्ट्रातच झाला, मुंबई, नवी मुंबई, पुण्यात, आणि संघात कोरोना शिरल्यामुळं यजमान भारताला स्पर्धाच सोडावी लागली. त्याच भारतीय महिलांनी ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये जाऊन थायलंडला २-१ हरवलं आणि २०२६ च्या आशिया चषकाची पात्रता मैदानावर मिळवली. पुरुषांचा संघ बाहेर पडला त्याच वर्षी! त्या रात्री मात्र माझ्या कुठल्याच ग्रुपवर एकशे चाळीस कोटींचा हिशेब आला नाही. कोल्हापुरातून एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ इंडियन वुमेन्स लीगपर्यंत गेला होता. पण तालमीच्या कट्ट्यावर मुलींना जागा कधीच नव्हती, त्यामुळं पेठेचं जे बळ मी इतका वेळ सांगतोय ते त्यांच्या पाठीशी उभं राहिलं नाही. तालमींनी आपल्या नावानं मुलींचे संघ उतरवायला राज्य सरकारची परवानगी लागत नाही. याला अडवणारं कुणी बाहेरचं नाही, आपणच आहोत.

२०२५ च्या दिवाळीत मी आमच्या तालमीच्या खजिनदारांना गाठलं. वर्ल्ड कपला फ्लेक्स लागणार, तीस-चाळीस फुटी, हे ठरल्यासारखंच होतं. मी म्हटलं, काका, यंदा एक फ्लेक्स कमी करू आणि तेवढ्यात बारक्या पोरांच्या संघाला बॉल, बूट आणि कोचचं मानधन बघू. त्यांनी वहीतून मान वर केली. ‘फ्लेक्सला देणगीदार मिळतोय रे,’ म्हणाले. ‘बॉलवर कुणाचा फोटो छापायचा?’